कूलर कुणाच्या खात्यात?

आमच्या घरात दोन खाती आहेत. पाणी आईकडे, वीज आप्पांकडे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे आईचं खातं वजनदार. पाणी सुटायचा दिवस, चावीवाल्याची वेळ, कुठल्या पिंपातलं प्यायचं नि कुठल्यातलं सांडायचं, सगळं तिच्या डोक्यात. आप्पांकडे बटणं. माणूस खोलीबाहेर पडायच्या आत पंखा बंद होतो. एकदा तर आत पाहुणे बसलेले होते.

आईच्या काटकसरीनं बिल मात्र एक रुपयाही उतरत नाही. आमच्या नळाला मीटर नाही, पाणीपट्टी वर्षाची ठोक. भाजी धुतलेलं पाणी कढीपत्त्याला, फिल्टरमधून वाया जाणारं फरशीला, कपड्यांचं शेवटचं पाणी संडासाला, एवढं करून वाचतो तो मे महिन्यातला टँकर. अर्थात टँकरचा दर ज्यानं दिलाय त्याला हे थोडं वाटणार नाही.

पण याच आईला नवीन पाणी आलं की जुनं 'शिळं' वाटतं. चार दिवस पोटच्या पोरासारखं जपलेलं पाणी ती सकाळी मोरीत ओतून देते, आणि गल्लीत तेव्हा घरोघरी हेच चाललेलं असतं. आमच्या गावात भाकरीसुद्धा कडक करून कितीतरी दिवस टिकवतात, मग झाकून ठेवलेलं पाणीच चार दिवसांत कसं शिळं होतं? डासांसाठी आठवड्यातून एकदा पिंप कोरडं करावं हे खरं. पण ते पाणी मोरीतच कशाला? "पाहुण्याला शिळं पाणी देऊ का?" असं तिनं विचारलं की वाद संपतो.

आप्पांचा संशय कायम मोटरवर. "पाणी चढवूनच बिल येतंय." मी एकदा हिशेब मांडला. अर्ध्या एचपीची मोटर अर्धा तास चालली तर साधारण पाव युनिट. बाथरूममधला दोन किलोवॅटचा गीझर तेवढ्याच वेळात एक युनिट खातो, आणि तो आप्पांच्याच आंघोळीला लागतो. दिवसाला १८ तास फिरणारा हॉलमधला जुना ७५ वॅटचा पंखा महिन्याला ४० युनिट घेतो. नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० वॅटचा, तो १६ वर भागवतो. हे ऐकून आप्पांनी पंखा बदलला. गीझरबद्दल ते काही बोलले नाहीत.

त्यांची दुसरी धास्ती ३०० युनिटची. ३०१ वं युनिट पडलं की अख्खं बिल वरच्या दरानं लागतं, असं आमच्या कॉलनीत निम्म्या लोकांना वाटतं. तसं नसतं. वरचा दर फक्त वरच्या युनिटांना, खालची खालच्याच दरानं. पण महिनाअखेरीला मीटरपुढे चष्मा लावून उभ्या राहिलेल्या आप्पांना हे सांगायला मी जात नाही. त्या भीतीवर आमची बरीच वीज वाचते.

खरं भांडण एप्रिलमध्ये सुरू होतं. पारा ४२ च्या पुढे गेला की कूलर बाहेर येतो, आणि कूलर दोन्ही खात्यांच्या हद्दीवर बसतो. आप्पांना तो प्रिय. दीड टनाचा एसी दीड किलोवॅटच्या आसपास ओढतो, कूलर दीडदोनशे वॅटमध्ये भागवतो. आपली हवा कोरडी, म्हणून तो इथं चालतो. मुंबईत नुसताच घाम येईल. पण त्याची सगळी कमाल पाण्याची. एक लिटर पाणी वाफ होताना जवळजवळ दोन-तृतीयांश युनिटइतकी उष्णता शोषून घेतं. म्हणजे आप्पांची वीज वाचते ती आईच्या बादल्यांवर. दुपारी ती कूलरच्या टाकीत डोकावते नि म्हणते, "अहो, हा तुमच्यापेक्षा जास्त पितोय." आप्पा म्हणतात, "मग एसी लावू का?" दोघांनाही उत्तर माहीत असतं.

मला वाटतं, हे भांडण फक्त आमच्या घरचं नाही. उजनी धरणाचं पाणी शहराला येतं, पाइपलाइननं येतं, नदीत सोडून औज बंधाऱ्यात अडवूनही येतं. पुढं ते उपसायला वीज लागते. आणि होटगीकडं फताटेवाडीला एनटीपीसी या सरकारी वीज कंपनीचे ६६० मेगावॅटचे दोन वीजसंच उभे आहेत, त्या प्रकल्पालाही पाणी लागतं, तेही उजनीचंच. म्हणजे आईनं वाचवलेल्या बादलीत थोडी वीज असते, आप्पांनी बंद केलेल्या बटणात थोडं पाणी. हे मी जेवताना सांगितलं. आई म्हणाली, "भाकरी घे."

सध्या आप्पांच्या डोक्यात सोलार आहे. पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं, आणि ऊन तर आपल्याकडं फुकट, असं ते येईल त्याला सांगतात. गच्चीवर टेप लावून मापंही घेऊन झाली. आईनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या काचांवर धूळ बसणार. त्या धुवायला पाणी कुणाचं?"

आप्पा म्हणाले, फिल्टरचं वाया जाणारं. त्या पाण्यानं काचेवर पांढरे डाग पडतात, हे आईला फरशीमुळं माहीत आहे. प्रस्ताव सध्या तिच्या खात्याकडं अडकलाय.