आमची वाटचाल : लग्नपत्रिका ते न्यायदर्शन

साताऱ्यात शनिवार पेठेतला आमचा छापखाना बाबांच्या काळात लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि निवडणुकीची हँडबिलं यांवर चालायचा. ट्रेडल गेलं, कॉम्प्युटर आला, कामं तीच राहिली.

मग एके दिवशी एक निवृत्त प्राध्यापक न्यायदर्शनाच्या, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्राच्या, इतिहासाचं हस्तलिखित घेऊन आले. दोन ठिकाणी 'खपणार नाही' ऐकून आले होते. खपणार नाही हे मलाही दिसत होतं. पण इथून तासाभरावरच्या वाईत प्राज्ञपाठशाळेने मीमांसाकोशाचे सात खंड काढले. आपल्याला एका पुस्तकाच्या ३०० प्रती जड व्हाव्यात? घेतलं काम.

आणि पहिल्याच पुस्तकात तोंडावर आपटलो. 'न्यायसूचीनिबंध' हा ग्रंथ कधी लिहिला, हे न्यायदर्शनाचे जुने पंडित वाचस्पती मिश्र यांनी स्वतःच त्यात सांगून ठेवलंय : 'वस्वंकवसुवत्सरे'. वसु आठ, अंक नऊ, वसु आठ, ८९८. (असे आकडे उजवीकडून लावायचे असतात. इथे दोन्हीकडून सारखेच, तेवढं नशीब.) पण ८९८ कुठलं? विक्रम संवत धरला तर इ. स. ८४१, शक धरला तर ९७६. वाचस्पतींच्या टीकाग्रंथावर पुढे टीकाग्रंथ लिहिणाऱ्या उदयनांच्या 'लक्षणावली'त शके ९०६, म्हणजे इ. स. ९८४ सापडतं. शक धरला तर दोघांत जेमतेम आठ वर्षं उरतात, म्हणून बरेच अभ्यासक संवताकडे झुकतात. सरांनी मजकुरात मुद्दाम नुसतं ८९८ ठेवून हा सगळा वाद तळटीपेत मांडला होता.

मी शहाण्याने शेवटच्या प्रुफात, सगळं एकसारखं दिसावं म्हणून, प्रत्येक वर्षामागे 'इ. स.' घातलं. बांधणी झाल्यावर सरांनी ते पान उघडलं. रागावले नाहीत. म्हणाले, "अरे, तू तर तिसरंच मत मांडलंस!"

आईने खळ केली, आणि दोन रात्री घरातल्या सगळ्यांनी दुरुस्तीच्या ३०० पट्ट्या चिकटवल्या.

तेव्हापासून सनावळीला हात लावायचा तर आधी लेखकाला फोन. सूचीही आम्हीच करतो. ती नसेल तर असलं पुस्तक अभ्यासकाच्या काय कामाचं? पैसा म्हणाल तर तो अजूनही पत्रिकांतूनच येतो. त्या ३०० प्रती संपायला सहा वर्षं लागली.

आता दुसरी आवृत्ती घेतलीय. सूची 'व'पर्यंत आलीय. लग्नसराई उरकली की पुढचं.