तुम्ही विचारलंत म्हणून: भंगारातल्या पंख्याला रिले कशाला?

गोव्यात सत्तरी-डिचोलीकडे जुनी जीप जपणारं कोणीही भेटलं, की बोनेट उघडायच्या आत हा प्रश्न येतो. भंगारातून रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा आणलाय, डॅशबोर्डवर एक स्विच बसवून बॅटरीवरून सरळ दोन वायरी टाकल्या तर काय बिघडतं? मध्ये रिले, म्हणजे बारीक करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, कित्याक (कशाला)?

पंखा फिरेल. आजही फिरेल आणि पुढचे काही दिवसही फिरेल. अडचण येते ती भर चढावर, गाडीला त्या पंख्याची खरी गरज असते तेव्हा. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हा खटाटोप कशासाठी, ते. महिंद्राच्या एमएम 540 मध्ये 2112 सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन असतं आणि पंखा वॉटर पंपाच्या तोंडावर, पट्ट्यावर फिरणारा. इंजिनाचे फेरे कमी तर पंख्याचेही कमी. डांबरी रस्त्यावर हे चालून जातं, कारण समोरून वारा मिळतो. पण खाणपट्ट्यातल्या एखाद्या जुन्या वाटेवर लो गिअरमध्ये गाडी मुंगीच्या पावलाने चढत असते, तेव्हा इंजिन जीव तोडून ओढतं, समोरून वारा नसतो आणि पंखाही रेंगाळतो. तापमानाचा काटा तिथेच वर सरकतो.

दुसरं कारण पाणी. कुळ्याहून दूधसागरला जाणारी जीपची वाट ओढ्यांतून जाते, ती तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिली असेल. खोल पाण्यात पट्ट्याचा पंखा फिरत राहिला, तर पाण्याच्या दाबाने पाती पुढे वाकतात आणि रेडिएटरच्या नळ्या कापतात. काहीजण पाण्यात शिरण्याआधी पट्टाच काढतात, पण मग वॉटर पंपही थांबतो आणि बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही. इलेक्ट्रिक पंखा इंजिन मंद असतानाही पूर्ण वेगाने फिरतो, आणि नको तेव्हा बंद करता येतो. एवढ्या दोन गोष्टींसाठी मी हे काम मनापासून सुचवतो.

आता वायरिंग. पंख्याची मोटर चालू असताना साधारण 10 ते 15 अँपिअर घेते, मोठी असेल तर 20 च्या वर. सुरू होताना क्षणभर त्याच्या कितीतरी पट. एवढा करंट बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत न्यायचा, एका छोट्या स्विचच्या पोटातून काढायचा आणि पुन्हा बोनेटखाली पंख्यापर्यंत आणायचा, म्हणजे पाच-सहा मीटर वायर सहज होते. 1 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरला सुमारे 17 मिलिओहम. सहा मीटरला 0.1 ओहम धरा. 12 अँपिअर वाहिले की 1.2 व्होल्ट वायरीतच गेले. स्विच आणि जोड आपला वाटा घेतात तो वेगळा.

वाळपईच्या एका मित्राच्या जीपवर हे मीटर लावून पाहिलं. इंजिन चालू, बॅटरीवर 13.8 व्होल्ट. पंख्याच्या प्लगवर 11.9. जवळजवळ सातवा हिस्सा वाटेतच गळत होता. स्विच काढून पाहिला तर मागचं प्लास्टिक तपकिरी पडून पितळी पत्तीभोवती मऊ झालेलं, आणि वायरीचं आवरण बोटभर लांबीपर्यंत कडक होऊन तडकलेलं. मित्राची तक्रार एवढीच होती, की भंगारवाल्याने कमजोर पंखा दिला. पंखा उत्तम होता. व्होल्टेज उतरलं की मोटरचे फेरे उतरतात आणि फेऱ्यांबरोबर हवा. तोच पंखा 4 चौरस मिलिमीटर वायर आणि रिलेवर घेतल्यावर प्लगवर 13.4 मिळाले, आणि फरक कानाला ऐकू येत होता.

कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, पाणी सोडताना पाटाचं दार पाटापाशीच उघडतात, सगळं पाणी घरात फिरवून आणून मग बागेत सोडत नाहीत. रिलेचं काम तेच. जाड वायर बॅटरीपासून फ्यूज, रिले आणि पंखा अशी जवळच्या जवळ जाते. डॅशबोर्डवर येते ती फक्त रिलेच्या कॉइलची (आतल्या तारेच्या वेटोळ्याची) बारीक वायर, आणि कॉइल घेते दीड-दोनशे मिलिअँपिअर. त्या करंटने कुठलाही स्विच तापत नाही.

बाजारात मिळणाऱ्या साध्या रिलेच्या बुडाशी आकडे छापलेले असतात. 30 वर बॅटरीकडची वायर, 87 वर पंखा, 85 आणि 86 ही कॉइलची दोन टोकं. पाच पायांच्या रिलेत मध्ये 87ए असतो. तो कॉइल बंद असताना जोडलेला राहतो, म्हणून त्यावर चुकूनही पंखा जोडू नका. रिले फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्यावर) उंच बसवा, पाय खाली करून, म्हणजे पावसाचं पाणी आत साचणार नाही.

फ्यूजबद्दल माझं मत ठाम आहे: तो बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. पंख्याजवळ लावलेला फ्यूज मधल्या वायरीला काहीच संरक्षण देत नाही. ती वायर कच्च्या रस्त्याच्या हादऱ्यांनी चासीवर घासून उघडी पडली, तर चांगली बॅटरी काही शे अँपिअर तिच्यात ओतू शकते, आणि शेजारीच डिझेलचा पाइप असतो. 12-13 अँपिअर घेणाऱ्या पंख्याला 20 चा पिवळा फ्यूज पुरतो. तो उडाला तर 30 चा हिरवा टाकून प्रश्न मिटवू नका. का उडाला ते आधी शोधा. बहुतेक वेळा पात्यात काहीतरी अडकलेलं असतं किंवा मोटरचा बुश घट्ट झालेला असतो.

अर्थिंगकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात, आणि गोव्यात तर ते सर्वांत आधी सडतं. खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि जीपचा गंजका पत्रा. त्या रंगवलेल्या पत्र्यावर स्क्रू मारून दिलेली अर्थ एक पावसाळा काढेल, दुसरा नाही. पंख्याची निगेटिव्ह वायर तेवढ्याच जाडीची घ्या आणि सरळ बॅटरीच्या निगेटिव्हला न्या. वायरीच्या टोकाला थिंबल (धातूची टोपी) दाबून बसवा आणि त्यावर गोंदवाली हीट-श्रिंक नळी (गरम केली की आवळणारी) चढवा. फक्त सोल्डरचा डाग देऊन जोडलेली वायर हादऱ्यांनी डागाच्या कडेलाच तुटते.

स्विच हाताने टाकायचा, की तापमानावर? दोन्ही हवेत. विसरणं माणसाचं आहे, तेव्हा रोजचं काम थर्मो स्विचकडे द्या. फक्त त्याचा आकडा इंजिनाच्या थर्मोस्टॅटच्या (तापल्यावर उघडून पाणी रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या) वर हवा. थर्मोस्टॅट 82 अंशांवर उघडत असेल आणि पंख्याचा स्विचही 82 चाच घेतलात, तर पंखा कधी थांबणारच नाही. वरच्या रबरी पाइपात अडॅप्टर घालून 92 च्या आसपासचा स्विच बसवा. स्विच एकाच पायाचा असेल तर अडॅप्टरला वेगळी अर्थ द्यावी लागते, कारण रबर करंट पुढे जाऊ देत नाही. डॅशबोर्डवर तीन जागांचा स्विच ठेवा: आपोआप, बंद, चालू. ओढ्यात उतरण्याआधी बंद, पलीकडे चढल्यावर पुन्हा आपोआप. कॉइलची वायर इग्निशनवरून घेतलीत, तर चावी काढल्यावर पंखा बॅटरी खात बसणार नाही.

आता पंखा निवडण्याबद्दल. मारुती 800 चा पंखा स्वस्तात मिळतो, पण जीपच्या रेडिएटरपुढे तो फारच लहान. एअर कंडिशनर असलेल्या डिझेल गाडीचा बघा, आणि प्लास्टिकच्या आच्छादनासकट घ्या. आच्छादन नसेल तर हवा फक्त पात्यासमोरच्या गोलातून ओढली जाते आणि कोपऱ्यातली जाळी तशीच तापत राहते. पातं हाताने फिरवून अक्ष हलतो का ते पाहा, मग बॅटरी लावून आवाज ऐका. चार वायरींचे, आत इलेक्ट्रॉनिक्स असलेले नवे पंखे नुसत्या 12 व्होल्टवर चालतीलच असं नाही, ते सोडून द्या. करंट मोजायला क्लॅम्प मीटर नेलात तर तो डीसी मोजतो याची खात्री करा, स्वस्तातले बरेच फक्त एसी मोजतात.

बसवल्यावर रेडिएटरच्या पुढे वर्तमानपत्राचं एक पान धरा. पान जाळीला चिकटलं पाहिजे. उडालं तर पंखा उलटा फिरतोय. प्लस-मायनस बदलून दिशा सुधारते, पण पात्याचा बाक एकाच दिशेसाठी घडवलेला असतो, म्हणून पुढून ढकलणारा पंखा मागे लावून नुसत्या वायरी फिरवल्या तर हवा कमीच मिळते. आणि जाळीतून प्लास्टिकच्या पट्ट्या ओवून पंखा बांधू नका. त्या नळ्यांवर घासतात. पत्र्याच्या पट्ट्या करून रेडिएटरच्या चौकटीला बोल्ट करा. जुना पंखा काढल्यावर पुलीला आखूड बोल्ट लागतात, लांब बोल्ट तळाला टेकतात आणि पुली ढिली राहते.

जाळीत लाल माती बसली असेल तर कुठलाही पंखा उपयोगाचा नाही. इंजिनाच्या बाजूने पुढे, हलक्या धारेने धुवा.

शेवटी अल्टरनेटर. रात्री हेडलाइटचे दोन दिवे 9-10 अँपिअर घेतात, त्यात पंख्याची भर. सगळं चालू ठेवून, इंजिन मंद असताना बॅटरीवर 13 व्होल्टच्या वर मिळत असतील तर काळजी नाही. त्याखाली गेलं तर अल्टरनेटर तपासून घ्या, आणि गरज पडली तर मोठा बसवा. त्यानंतर पंखा अर्धा तास चालवून प्रत्येक जोडाला हात लावा. जो जोड तापलेला लागेल, तो उघडून पुन्हा करा. बॅटरीवरचं आणि प्लगवरचं व्होल्टेज, आणि पंख्याचा चालू करंट मला कळवलात, तर तुमच्या गाडीला फ्यूज कितीचा आणि वायर किती जाड ते सांगतो.