वाऱ्याचा कासरा : आमची वाटचाल

आमचं दुकान मूळचं ताडपत्रीचं. बीडच्या बाजारपेठेत आबांनी ते टाकलं तेव्हा पायाचं एक जुनं शिलाई मशीन आणि रिंगा ठोकायचा एक हातोडा, एवढंच भांडवल होतं. दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांकडं निघतात. त्याआधीचा महिनाभर आमच्याकडं पाय ठेवायला जागा नसते. कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीवर, टाकायला ताडपत्री, बैलगाडीवर बांधायला ताडपत्री, मळणीत पाऊस आला तर सोयाबीन झाकायला ताडपत्री. आजही घर चालतं ते याच धंद्यावर. पण दुकानात येणारी माणसं हल्ली भिंतीवर टांगलेल्या रंगीत कापडाकडं बोट दाखवून विचारतात, "हे काय?" ते आहेत आम्ही शिवतो ते, माणसाला ओढणारे पतंग. तेव्हा त्यांच्याबद्दल एकदा सगळं सविस्तर लिहावं असं ठरवलं.

2016 चा उन्हाळा आम्हाला फार जड गेला. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, ते वर्ष. गावागावांत पैसाच नव्हता, त्यामुळं उधारी वसूल होत नव्हती. पुढं मृगाचा पाऊस पडला आणि त्याच आठवड्यात बालाघाटाच्या माथ्यावर पवनचक्क्यांच्या कामावर असलेला एक तरुण अभियंता पिशवी घेऊन दुकानात आला. पिशवीत लाल कापडाचं एक गाठोडं होतं. "बाभळीत अडकून फाटलंय, शिवून द्याल का?"

कापड इतकं हलकं, की काउंटरवर ठेवलं तर पंख्याच्या वाऱ्यानं सरकायचं. आबांनी ते आतून-बाहेरून चाचपलं. वर एक थर, खाली एक थर, मध्ये उभ्या पट्ट्या शिवून केलेले कप्पे. पुढच्या कडेला कप्प्यांची तोंडं उघडी, मागची कड बंद. कामट्या कुठंच नाहीत. आबा म्हणाले, "ही तर गोधडी झाली. आत कापूस भरायचा राहिलाय."

"कापूस नाही काका, वारं भरायचं," तो म्हणाला.

आबांनी दोन दिवस खपून ते शिवलं आणि पैसे घेतले नाहीत. "उडवून दाखवा, तीच मजुरी."

त्या रविवारी आम्ही मांजरसुंब्याच्या पुढं माळावर गेलो. पश्चिमेचं वारं मोकळं सुटलेलं. अभियंत्यानं पतंग जमिनीवर उलटा पसरला, मागच्या कडेवर चार मुठी मुरूम टाकला आणि वीस मीटर दोऱ्या उलगडत वाऱ्याकडं चालत आला. हातात धरायला दांड्याच्या दोन मुठी, प्रत्येक मुठीला दोन दोऱ्या. वरची ओढीची, खालची ब्रेकची. वाऱ्याकडं पाठ करून त्यानं दोन्ही मुठी छातीशी ओढल्या. कप्पे फडाफडा भरले, मुरूम सांडला आणि अंथरुणासारखी पडलेली ती वस्तू विमानाच्या पंखाचा आकार घेऊन सरळ डोक्यावर जाऊन थांबली. मग त्यानं मुठी माझ्या हातात दिल्या.

मी लहानपणापासून संक्रांतीला गच्चीवर असायचो. ढील, खेच, पेच, काटाकाटी, सगळं अंगात भिनलेलं. इथं त्यातलं काहीच चालेना. ढील द्यायला चक्रीच नाही. दोरी आहे तेवढीच राहते. उजवी मूठ ओढली की पतंग उजवीकडं, डावी ओढली की डावीकडं. डोक्यावर होता तोवर तो शांत होता. मी त्याला उजवीकडून खाली आणला आणि समोरून आडवा पळवला, तशी दोऱ्यांची शीळ वाजली आणि कोणीतरी कमरेला धरून पुढं ओढावं तसा मी तीन पावलं फरपटलो. "मागं रेला, टाचा रोवा!" तो ओरडला. मी रेललो. पाठीमागं काही नसताना खुर्चीत बसल्यासारखा रेललो, आणि वाऱ्यानं मला तसंच धरून ठेवलं. माझं सगळं वजन त्या चार दोऱ्यांवर होतं. गच्चीवरच्या पतंगात डोळे आणि बोटं खेळतात. इथं पोटऱ्या, मांड्या, पाठ, खांदे असा अख्खा माणूस खेळतो, आणि तरी जागेवरून हललेला नसतो. अर्ध्या तासानं मुठी सोडल्या तेव्हा हात थरथरत होते आणि उन्हाळाभर डोक्यात असलेली उधारीची वही मला पूर्ण विसरायला झाली होती.

असा पतंग ओढतो कसा, हे आम्हाला पुढं हळूहळू समजलं. बिबी का मकबऱ्याच्या घुमटाला मधोमध उभं चिरलं आणि त्यातला एक अर्धा भाग डोळ्यांसमोर ठेवला, तर त्याच्या आतल्या पृष्ठभागावर आपला पतंग फिरतो. आपण चिरलेल्या बाजूच्या मधोमध, वाऱ्याकडं पाठ करून उभे. कडेला आणि माथ्यावर पतंग गरीब असतो. समोर खाली, मधोमध आला की अंगात येतं. ओढ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गानं वाढते; वारं दुप्पट झालं की ओढ चौपट. शिवाय पतंग आडवा पळाला की त्याला लागणारं वारं त्याच्या स्वतःच्या वेगानं वाढतं. ते तिप्पट झालं तर ओढ नऊपट. त्यामुळं आडवा आठाचा आकडा काढत राहिलं की आठाच्या प्रत्येक फेऱ्याला दोनदा जोर येतो आणि दोनदा उसासा मिळतो. ही लय एकदा सापडली की माणूस तासभर एका जागी उभा राहतो.

असले कामट्या नसलेले, वाऱ्यानं फुगणारे पतंग अमेरिकेत डोमिना जाल्बर्ट यांनी 1964 च्या सुमाराला तयार केले. आजची चौकोनी पॅराशूट त्याच कल्पनेतून आली.

आम्ही ठरवलं, आपण शिवायचा. पहिला पतंग आम्ही छत्रीच्या कापडासारख्या दिसणाऱ्या स्वस्त टॅफेटाचा केला. उडाला, पण मऊ पडला. कप्प्यांत भरलेलं वारं कापडातून झिरपत होतं. दुसऱ्या वेळी एका व्यापाऱ्यानं वारं न झिरपणारं, लेप दिलेलं कापड म्हणून भलतंच दिलं, त्यात आमचे साठवलेले पैसे गेले. तेव्हापासून आबांनी एक पद्धत लावली. कापडाचा तुकडा ओठांना घट्ट लावायचा आणि जोरात फुंकायचं. पलीकडं हाताला वारं लागलं तर ताका परत. आता आम्ही चौरस मीटरला साधारण 40 ग्रॅम वजनाचं, बारीक चौकड्यांचं रिपस्टॉप नायलॉन वापरतो. एका चौकडीत फाटलं तर चीर पुढं धावत नाही. ताडपत्रीची 18 नंबरची सुई बंद करून 11 नंबरची बारीक सुई आणली, कारण प्रत्येक भोक म्हणजे वारं जायला वाट.

पण खरी परीक्षा कापडाची नव्हती, कण्णीची होती. संक्रांतीच्या पतंगाची कण्णी दोन मिनिटांत बांधून होते. या पतंगाला खालच्या बाजूनं डझनावारी दोऱ्या निघतात आणि त्या सगळ्या एकत्र येऊन चार मुख्य दोऱ्यांना मिळतात. आमचा तिसरा पतंग सारखा डावीकडं पळायचा. चार दिवस आम्ही शिवण उसवून पुन्हा घातली. शेवटी मोजलं तर डाव्या बाजूची एकच दोरी दोन सेंटिमीटर आखूड निघाली. गाठीनं तेवढी लांबी खाल्ली होती. मग आबांनी सागवानी फळीवर खिळे ठोकले. प्रत्येक दोरी त्या खिळ्यांमध्ये ताणून, ताणातच मोजून, ताणातच गाठ मारायची. ती फळी आजही मशीनशेजारी उभी आहे, आणि तिच्यावरून न गेलेला पतंग आम्ही विकत नाही.

दोऱ्याही बदलाव्या लागल्या. सुरुवातीला नायलॉनच्या लावल्या, त्या ताणल्या जातात. मूठ ओढल्यावर पतंगाला ते उशिरा समजायचं. आता डायनिमा नावाच्या मजबूत कृत्रिम धाग्याच्या असतात. त्या फारशा ताणत नाहीत आणि इतक्या गुळगुळीत, की पतंगानं दोन-तीन गिरक्या घेऊन पीळ पडला तरी एकमेकींवरून सरकत राहतात. मात्र दोन माणसांचे दोर एकमेकांत गुंतू द्यायचे नाहीत. हा धागा गरमीला नाजूक, एका जागी घासला की तुटतो.

राष्ट्रीय हरित लवादानं 2017 मध्ये नायलॉन मांजावर देशभर बंदी घातली. त्यानंतर बरेच जण आमच्याकडं रागानं बघू लागले. मला तो राग योग्यच वाटतो. गळे चिरल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. आमच्या दोरीला काच लावलेली नसते आणि काटाकाटी आमच्या खेळात नाही. तरीही ताणलेली बारीक दोरी अंगावर आली तर इजा करते. म्हणून उडवणाऱ्याच्या पुढं, दोरीच्या लांबीच्या दुपटीइतकी जागा मोकळी हवी. रस्ता नको, विजेच्या तारा नकोत, जनावरं नकोत. संभाजीनगरला गेलो तर चिकलठाण्याच्या विमानतळाच्या बाजूला आम्ही पिशवी उघडतही नाही.

एक चूक माझ्या अंगावर आजही दिसते. मे महिन्याची दुपार होती, वारं पडलेलं. मी मोठा, साडेतीन चौरस मीटरचा पतंग काढला. नैर्ऋत्येला वळवाचा ढग चढत होता, तो मी पाहिला आणि सोडून दिला. ढगाच्या पुढं सुटणारं वारं एका झटक्यात आलं. चपलेचा अंगठा तुटला आणि मी पालथा पडून मुरमावरून ओढला गेलो. दोन्ही कोपरं सोलून निघाली. मुठी सोडल्या तेव्हा मनगटाला बांधलेल्या आणि ब्रेकच्या दोऱ्यांना जोडलेल्या पट्ट्यांनी त्या दोऱ्या ओढल्या आणि पतंग फडफडत खाली बसला. पट्टे नसते तर तो रस्त्यावर गेला असता. पाचच मिनिटांत वीज कडाडायला लागली. त्या दिवसापासून पट्ट्याशिवाय मूठ नाही, लांब ढग दिसला तरी आवराआवर, आणि कोणीही स्वतःला पतंगाला बांधून घ्यायचं नाही.

आमच्याकडं पतंग शिवायला चार जणी आहेत. त्यातल्या एका ताईंनी चौदा हंगाम ऊसतोड केलीय, नवऱ्याबरोबर बैलगाडीनं ऊस कारखान्यावर नेलाय. तीन वर्षं त्या हे पतंग शिवत होत्या, पण माळावर कधी आल्या नव्हत्या. एका श्रावणात आम्ही सगळ्यांना घेऊन गेलो. ताईंनी पदर खोचला, मुठी घेतल्या. मी शिकवायला जवळ उभा राहिलो, तर शिकवायची वेळच आली नाही. गाडी वळवताना आतला कासरा ओढायचा आणि बाहेरचा सैल सोडायचा, तसंच त्यांनी केलं. पतंग खाली आला, जोर आला, तशा त्या मागं रेलल्या, टाचा रुतल्या. "दादा, कसं ओढायलंय बघा की! दोन बैलांचं बळ हाय ह्याच्यात!" वीस मिनिटं त्यांनी मुठी कोणाला दिल्या नाहीत. हातातला पतंग आपण शिवलाय, याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मी पाहिला. त्यानंतर नवीन माणसाला शिकवायचं काम त्याच करतात. "कासरा धरा" एवढंच सांगतात आणि शेतकऱ्याच्या पोराला लगेच उमगतं.

ग्राहक एक प्रश्न हमखास विचारतात, "याला गाडी लावता येईल का?" येते. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक नावाच्या शाळामास्तरानं 1826 मध्येच पतंगानं ओढायच्या गाडीचं पेटंट घेतलं होतं. पुढं न्यूझीलंडच्या पीटर लिन यांनी तीन चाकांच्या पतंगगाड्या लोकप्रिय केल्या. समुद्रावर लोक फळीवर उभे राहून ओढीच्या पतंगांनी लाटांवर पळतात. मलाही दोन वेळा गाडी करून द्यायची मागणी आली, चांगले पैसे मिळणार होते. मी नाही म्हटलं. आमच्या माळांवर दगड, बांध, विहिरी. धावायला सपाट किनारा नाही. आणि मला मनापासून वाटतं, की हा खेळ उभ्या जागेवरच पुरा आहे. मराठवाड्यात समुद्र नाही, पण आषाढ-श्रावणातलं वारं आहे आणि उभं राहण्यापुरती मोकळी जमीन आहे. म्हणून आम्ही फक्त उभ्यानं उडवायचे पतंग करतो: दीड, दोन आणि अडीच चौरस मीटरचे. साडेतीनचा साचा मी बंद केला.

टाळेबंदीच्या काळात पतंगाचं काम थांबलं, मास्क शिवले, ताडपत्रीनं तारलं. नंतर पतंगाचं काम पुन्हा सुरू झालं. आता वर्षाला फार नाही, पण प्रत्येक पतंग माळावर उडवून मगच घरी पाठवता येईल इतकेच आम्ही करतो.

आबा आता पंचाहत्तरीला आलेत. मशीनवर बसत नाहीत, पण नवा ताका आला की तुकडा कापून ओठांना लावतात आणि फुंकतात.

जूनच्या मध्यापासून ऑगस्ट अखेरपर्यंत, पाऊस उघडला असेल त्या प्रत्येक रविवारी दुपारी चारनंतर आम्ही माळावर असतो. वारं ताशी 12 ते 25 किलोमीटर असलं तर नवीन माणसाच्या हाती मूठ देतो; त्याहून जास्त असलं तर बसून चहा पितो आणि वाट बघतो. विकत घ्यायचाच असं काही नाही. येताना बूट घालून या, चप्पल नको.