तुम्ही विचारलंत म्हणून: औषध ठरवायला चिठ्ठी कशाला?

“डॉक्टर एवढे शिकलेले, मग आमच्या माणसाला कुठलं औषध द्यायचं ते चिठ्ठी टाकून का ठरवता?”

मी पुण्यात एका हॉस्पिटलात क्लिनिकल ट्रायलची, म्हणजे औषध पेशंटवर रीतसर पडताळून बघणाऱ्या चाचणीची, कोऑर्डिनेटर आहे. अशा ट्रायलमध्ये कुणाला कुठलं औषध ते चिठ्ठी टाकून ठरतं. औषध मी लिहून देत नाही. पेशंटला ट्रायल समजावून सांगणं, सह्या घेणं, तपासणीच्या तारखा सांभाळणं, उरलेल्या गोळ्या मोजून परत घेणं, आणि रात्री अकराला “मॅडम, मळमळतंय, आजची गोळी घेऊ का नको?” असा फोन आला की तो उचलून डॉक्टरांना गाठणं, हे माझं काम. साहेबांना विचारायला लोक बिचकतात, म्हणून हा प्रश्न माझ्या वाट्याला येतो. लग्नाकार्यात भेटणारी मंडळी तोच प्रश्न जरा तिखट करून विचारतात: “म्हणजे तुम्ही माणसांवर जुगार खेळता म्हणा की!”

उत्तर एका ओळीचं आहे. कुठलं औषध चांगलं हे डॉक्टरांना माहीत नसतं, म्हणून चिठ्ठी. माहीत असेल तर चिठ्ठी टाकणं हाच गुन्हा ठरेल. पण एका ओळीने कुणाचं समाधान होत नाही, आणि ते बरोबरच आहे. “माहीत नाही” असं डॉक्टरने म्हणणं आपल्याकडे कमीपणाचं समजतात. चष्मा काढून, मान हलवून, ठामपणे सांगतो तो डॉक्टर चांगला.

त्या ठामपणाचं काय होतं याचं एक उदाहरण मी हमखास सांगते. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या कित्येक पेशंटच्या हृदयात अधूनमधून जादा ठोके पडतात. असे ठोके पडणाऱ्यांना अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो, हेही खरं. अमेरिकेत 1980च्या दशकात एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या गोळ्या आल्या. त्या घेतल्या की जादा ठोके बंद, ईसीजीची पट्टी स्वच्छ. ठोके थांबले म्हणजे धोका टळला, असं कुणीही म्हणेल. डॉक्टर त्या मनापासून देत होते. मग कास्ट नावाची ट्रायल झाली. या गोळ्यांनी ज्यांचे ठोके दबतात हे आधी तपासून घेतलं होतं, त्यांनाच त्यात घेतलं आणि चिठ्ठी टाकून अर्ध्यांना गोळी दिली, अर्ध्यांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. 1989 मध्ये हा भाग मुदतीआधी थांबवावा लागला. सरासरी दहा महिन्यांत औषध घेणाऱ्या 755 जणांपैकी 63 दगावले होते, औषध नसलेली गोळी घेणाऱ्या 743 जणांपैकी 26.

म्हणजे पट्टी सुधारत होती आणि माणूस जात होता. यातली खरी मेख अशी की एकेका डॉक्टरला हे आयुष्यभर कळलं नसतं. हार्टचा पेशंट गेला तर ‘हार्टच कमजोर होतं, आपण शर्थ केली’ असंच वाटणार. चिठ्ठी टाकून शेजारी दुसरा गट उभा केला नसता, तर त्या गोळ्यांना दोष द्यायचं कुणाच्या मनातही आलं नसतं.

बरं, गट करायचे तर करा, पण कोण कुठे हे डॉक्टरांनी ठरवावं, असंही लोक सुचवतात. त्यात सज्जनपणाच आडवा येतो. नवं औषध चांगलं असेल असं ज्याला वाटतं तो डॉक्टर ते आपल्या जास्त आजारी पेशंटला देऊ पाहतो, किंवा उलट, जो तग धरेल त्यालाच देतो. दोन्हीकडून गट तिरके झाले की फरक औषधाचा की पेशंटचा, हे सांगता येत नाही. बंद पाकिटांतून चिठ्ठ्या काढायच्या तेव्हा आत काय आहे ते डॉक्टर पाकीट दिव्यासमोर धरून बघत, हे संशोधकांनीच लिहून ठेवलंय. आता माझ्या समोर कॉम्प्युटर असतो. मी पेशंटची माहिती भरते, बटण दाबते, आणि स्क्रीनवर बाटलीचा नंबर येतो. त्या बाटलीत काय आहे ते मलाही कळत नाही, डॉक्टरांनाही नाही. तातडीची वेळ आली तर उलगडायची सोय असते, पण कारण लेखी द्यावं लागतं.

तरी वशिला लावायचा प्रयत्न होतोच. “ताई, आईचं नाव तेवढं चांगल्या औषधात बसवा की. मामांचा साहेबांना फोन येईल.” कुठलं चांगलं ते ठरायचंय म्हणून तर हा खटाटोप, असं मी सांगते. ते मान हलवतात आणि जाताना पुन्हा म्हणतात, “तरी बघा जरा.” मला याचा राग येत नाही. रेशनकार्डापासून शाळेच्या प्रवेशापर्यंत सगळं ओळखीने होताना बघितलेल्या माणसाने इथे मात्र ओळख चालत नाही यावर विश्वास का ठेवावा?

यातून पुढचा प्रश्न निघतो तो ‘खोट्या गोळी’चा. अर्ध्या लोकांना उपचारच देत नाही, असा समज आहे. बहुतेक ट्रायलमध्ये तसं नसतं. ज्या आजारावर चालू उपचार आहे तिथे तो दोन्ही गटांना मिळतो आणि नवं औषध एका गटात वर जोडून दिलं जातं. याचं माझं आवडतं उदाहरण आपल्या महाडचं आहे. लाल विंचू चावला की आधी दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, मग रक्तदाब चढतो, पुढे फुफ्फुसात पाणी साठून तोंडाला फेस येतो. डॉ. हिंमतराव बावस्कर 1970च्या दशकात महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तिथे त्यांनी असे पेशंट रात्र रात्र शेजारी बसून पाहिले. रक्तदाबासाठी वापरलं जाणारं प्राझोसिन त्यांनी दिलं आणि 1986 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यावर लिहिलं. गंभीर विंचूदंशात पूर्वी तीस टक्क्यांच्या आसपास माणसं जात, ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. तेव्हा चिठ्ठी टाकली नव्हती. फरकच इतका ढळढळीत होता.

पण पुढे विंचवाची लस, म्हणजे प्रतिविष, हाताशी आलं. आता प्रश्न बारीक होता: प्राझोसिनवर पेशंट वाचतोच आहे, तर सोबत प्रतिविष दिल्याने आणखी काही हाती लागतं का? डोळ्यांनी बघून याचं उत्तर मिळत नाही. म्हणून महाडलाच 70 पेशंटच्या चिठ्ठ्या टाकल्या. प्राझोसिन सगळ्यांना, प्रतिविष 35 जणांना. दहा तासांत पूर्ण बरे झालेले प्रतिविषाच्या गटात 32 निघाले आणि नुसत्या प्राझोसिनच्या गटात 8. हे 2011 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने छापलं. संशोधन म्हणजे काचेची इमारत आणि परदेशी कंपनी असं ज्यांना वाटतं, त्यांना मी महाडचं नाव मुद्दाम सांगते.

चिठ्ठीने गरिबाचं भलं केल्याचंही एक उदाहरण आहे. क्षयाचा पेशंट म्हणजे सॅनिटोरियम, हवापालट, दूध-अंडी, असा एक काळ होता. मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनिटोरियमची आठवण जुनी माणसं अजून काढतात. पण देशात क्षयाचे पेशंट किती आणि खाटा किती! 1950च्या दशकाच्या शेवटी मद्रासमध्ये चिठ्ठ्या टाकून काही पेशंटना सॅनिटोरियममध्ये ठेवलं आणि काहींना घरीच, दाटीच्या वस्तीत, बेताच्या जेवणावर. गोळ्या दोघांना त्याच, वर्षभर. निकाल जवळजवळ सारखे आले, आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबात लागणही जास्त झाली नाही. बरं करत होत्या त्या गोळ्या. कुठल्याही मोठ्या डॉक्टरच्या अनुभवावर हे ठरवायचं म्हटलं असतं तर सॅनिटोरियमच जिंकलं असतं.

इतकं सांगून झाल्यावर सगळं छान छान आहे असं मी म्हणत नाही. एक ट्रायल मला अजून स्वस्थ बसू देत नाही, आणि ती आपल्याच मराठवाड्यातली आहे. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी 1999 पासून उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलच्या मदतीने गावोगाव काम झालं. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 बायका, गावांचे 52 समूह, आणि चिठ्ठ्या टाकून त्या समूहांचे चार गट. एका गटात एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची, तपासणी, दुसऱ्यात पॅप, म्हणजे तिथल्या पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं, तिसऱ्यात नुसतं व्हिनेगरसारखं अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून डोळ्यांनी बघणं. आणि चौथ्या गटात कुठलीच खास तपासणी नाही. जी काही सोय तेव्हा होती तेवढीच. आठ वर्षांनी हिशोब झाला. एचपीव्हीच्या गटात या कॅन्सरने 34 मृत्यू, तपासणी नसलेल्या गटात 64. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू निम्म्यावर येतात हे जगाला या गावांनी दाखवलं.

बाजू मांडणारे म्हणतात, त्या काळी जिल्ह्यात अशी तपासणी मुळात नव्हतीच, कुणाकडून काही काढून घेतलं नाही. हे खरं आहे. टीका करणारे म्हणतात, तपासणीने जीव वाचतो हे श्रीमंत देशांत आधीच दिसत होतं, मग रिकामा गट कशाला? तेही खोटं नाही. माझं मत विचाराल तर तीन पद्धतींत चिठ्ठी टाकणं रास्त होतं. आपल्याकडच्या खेड्यात यातलं काय टिकेल हे खरंच कुणाला ठाऊक नव्हतं. चौथ्या गटाबद्दल मला तसं म्हणता येत नाही.

म्हणून सही करण्याआधी मी नातेवाइकांना उलट प्रश्न विचारायला लावते. ज्याला काहीच नवं मिळणार नाही त्याला निदान काय मिळणार? काही झालं तर उपचाराचा खर्च कुणाचा? 2019च्या नियमांनी ट्रायलमुळे झालेल्या इजेवर उपचार आणि भरपाई द्यावी लागते, पण कागदावर ते नेमकं कसं लिहिलंय ते वाचा. वाचता येत नसेल तर हॉस्पिटलशी संबंध नसलेला साक्षीदार बसवावाच लागतो. आणि सीटीआरआय या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीतला नंबर मागा. नंबर नसेल तर उठून चला.

सगळ्यात शेवटी, पेशंटच्या घरच्या बाई जरा मोकळ्या झाल्या की, विचारतात: “तुमची आई असती तर घातलं असतं का?” याला मी ठरावीक उत्तर देत नाही, कारण ते ट्रायलवर आहे. टाटा हॉस्पिटलने स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनआधी गाठीभोवती लिडोकेनचं, म्हणजे भूल देणाऱ्या साध्या स्वस्त औषधाचं, इंजेक्शन देऊन पाहिलं. 1,600 बायका होत्या. पाच वर्षांनी हयात असलेल्या इंजेक्शनच्या गटात 90.1 टक्के, दुसऱ्या गटात 86.4. ऑपरेशन आणि पुढचे उपचार सगळ्यांना पूर्ण. अशा ट्रायलमध्ये आईचं नाव मी डोळे झाकून दिलं असतं. आणि पाच गोळ्या बाजारात असताना सहावी कंपनी ‘आमचीही तितकीच चांगली’ एवढंच सिद्ध करायला बोलावत असेल, तर नाही. दर पंधरा दिवसांनी रक्त काढायला तिला रिक्षाने कोण आणणार?