क्रियापद येईपर्यंत

मंगळवार, रात्री उशिरा

काल परदेशी मालिका बघताना, पडद्याखालच्या इंग्रजी सबटायटलांवरून आई एवढंच म्हणाली, "वाचू की बघू?" आणि कुकर लावायला उठून गेली. चिडून नाही, अगदी सहज. पण ते डोक्यातून जात नाहीये.

प्रश्न रास्तच आहे तिचा. सबटायटलचं गणित फार कडक असतं. नेटफ्लिक्सच्या नियमावलीत जास्तीत जास्त दोन ओळी, इंग्रजीत ओळीला 42 अक्षरं. पडद्यावर राहायचं ते कमीत कमी सेकंदाचा 5/6 भाग, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर 20 फ्रेम. आणि जास्तीत जास्त 7 सेकंद. दोन सबटायटलांमध्ये निदान 2 फ्रेम रिकाम्या, नाहीतर मजकूर बदललाय हे डोळ्याला कळतच नाही. यात मावत नाही ते अनुवादक छाटतो. आधी हाका जातात, मग "अगं", "बरं का", मग अर्धी वाक्यं. भांडणात दोघं एकदम बोलू लागले की एकाचं बोलणं चक्क गायब. आईला वाचायला वेळ पुरत नाही हे खरं, पण बरंचसं तिथे वाचायला नसतंच.

मग डब लावा, म्हणजे आपल्या भाषेत भरलेला आवाज, असं कुणीही म्हणेल. लावते. हिंदी, तमिळ, तेलुगू. आपल्यापुरती यादी तिथे संपते, मराठी नसतेच, आणि मी तिथेच अडून बसते.

राग नाही येत. राग आला असता तर बरं. उगाच लग्नाच्या पंगतीत आपलंच पान मांडायचं राहून गेल्यासारखं वाटतं. आणि त्यातून कोरियन मालिका म्हणजे तर जास्तच. कोरियन वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आपल्यासारखंच. समजा पात्र म्हणतं, "त्या रात्री तुझ्या भावाला मीच..." आणि थांबतं. कॅमेरा समोरच्याच्या चेहऱ्यावर. मारलं? वाचवलं? पुढच्या शब्दापर्यंत श्वास अडकलेला. इंग्रजी सबटायटलमध्ये क्रियापद कर्त्याच्या पाठोपाठ येऊन बसतं, म्हणजे नट थांबायच्या आधीच आपल्याला निकाल कळलेला. वाचून झालेला माणूस मग नटाची वाट बघत बसतो. मराठीत हा थांबा जसाच्या तसा राहिला असता, काही न करता. पण बहुतेकदा आधी इंग्रजी सबटायटलांचा साचा तयार होतो, वेळा त्यातच बांधलेल्या असतात, आणि बाकीच्या भाषा त्या साच्यावरून निघतात. शेवटी क्रियापद ठेवणाऱ्या दोन भाषा, आणि मध्ये ही मध्यस्थ. याचंच मला जास्त लागतं. यादीत नसण्यापेक्षाही.

(डबिंगवाल्यांना वाक्याची ही सारखी ठेवणच उपयोगी पडत असणार. प, ब, म आले की ओठ मिटतात. क्लोजअपमध्ये तिथे ओठ मिटणारंच अक्षर लागतं, पाठमोऱ्या शॉटमध्ये काहीही खपतं. वाक्याची ठेवण जुळली की शेवटचा शब्द तरी शेवटी पडतो.)

बरं, आपली लिपी तरी कुठे सरळ आहे. "राष्ट्र" डोळ्यांना दोन अक्षरं दिसतं; संगणक र, काना, ष, हलन्त, ट, हलन्त, र असे सात मोजतो. 42 ची मर्यादा तशी मोजली तर जोडाक्षरांची भाषा जागच्या जागी कंगाल. शिवाय वर वेलांटी, खाली उकार, दोन ओळी एकमेकींच्या पायात. पण हिंदीलाही हेच सगळं आहे आणि हिंदी यादीत आहे, तेव्हा ही सबब काही टिकत नाही. खरी गोष्ट साधी आहे. मराठी माणसाला हिंदी कळतं असं धरून चाललेलं असतं, आणि आपण ते दरवेळी निमूटपणे खरं करून दाखवतो. 2015 मध्ये 'झिंदगी' वाहिनीवर तुर्की मालिका 'फेरिहा' हिंदीत आली तेव्हा कुणी मराठीत मागितली होती? आमच्याकडे तरी नाही. नायिकेचा बाप इमारतीचा राखणदार, आणि तिचं खोटं उघडं पडेल म्हणून आम्हीच घाबरलेलो.

असो. हिंदी ऑडिओ लावून सोबत इंग्रजी ओळी ठेवू नयेत, हे मात्र नक्की. डब ओठांच्या मापाने लिहिलेला असतो, ओळी वाचण्याच्या वेगाने. कान एक सांगतात, डोळे दुसरं. आणि यादीत इंग्रजीच्या पुढे 'सीसी' (ऐकू न येणाऱ्यांसाठी आवाजांसकट लिहिलेल्या ओळी) असेल तर जरा थांबावं. 'स्क्विड गेम' 2021 मध्ये आली तेव्हा गोंधळ यावरूनच झाला होता. सीसीवाल्या ओळी इंग्रजी डबच्या होत्या, दाराच्या करकरीसकट. मूळ कोरियन संवादांच्या जवळ जायचं तर साधं 'इंग्रजी' निवडायला हवं होतं. अक्षरांचा आकार बदलायचा तर ब्राउझरमध्ये नेटफ्लिक्सचं खातं उघडून, प्रोफाइलमध्ये, सबटायटलचं रूप. तिथेच काळी पट्टी टाकता येते. पांढऱ्या शर्टावर पांढरी अक्षरं हरवतात ती तेवढी थांबतात. फोनवर वेग 0.75 केला तर ओळी जरा जास्त टिकतात. फक्त सगळी पात्रं जेवून सुस्तावल्यासारखी बोलतात, आणि खलनायक तर हमखास.