अकरा बॅरल

माझं काम म्हणजे वडिलांचंच काम. ते तलाठी होते. वारस नोंदी, फेरफार, कोणाचा हिस्सा किती, यात त्यांचं आयुष्य गेलं. मी टेक्सासात, मिडलंडला, एका तेल कंपनीत तेच करते, फक्त जमिनीखालचं. इथे शेत एकाचं आणि त्याखालचं तेल दुसऱ्याचं असू शकतं. आजोबांनी शेत विकताना खरेदीखतात ‘निम्मं खनिज राखून’ एवढं लिहून ठेवलं की ते निम्मं पुढच्या पिढ्यांत वाटलं जातं. निम्म्याचं निम्मं मुलीला, तिचा तिसरा भाग नातीला, आणि त्यावर रॉयल्टी, म्हणजे कंपनी मालकाला देते तो तेलाचा वाटा, एक अष्टमांश. झाले ०.०१०४१६६७. आठ दशांश स्थळं. सातव्या स्थळावर चूक झाली तरी कोणीतरी फोन करतंच.

हा आकडा ज्यांचा, त्या बाई २८ मे रोजी लबकहून दोन तास गाडी चालवून आल्या. ऐंशीच्या पुढच्या. चेकसोबत येणारे तपशिलाचे कागद रबरबँड लावून जपलेले.

“महिन्याला दोनशे डॉलर यायचे. एप्रिलला आले नाहीत, मेला नाहीत. माझं तेल कोणाला दिलंत?”

आधी कोणीतरी त्यांना रेल्वे आयोगाकडे पाठवलं होतं. टेक्सासात तेलाचा कारभार याच आयोगाकडे. रेल्वेशी त्याचा संबंध २००५ साली संपला, पाटी तीच राहिली. पण लीजची, म्हणजे तेल काढायच्या कराराची, आणि रॉयल्टीची भांडणं तो सोडवत नाही. आयोगाकडे लीजनिहाय उत्पादनाचे आकडे दर महिन्याला जातात आणि ते कोणालाही बघता येतात, हे मात्र त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मी फाइल काढली. मार्टिन काउंटी, १६० एकर, १९५० च्या दशकातलं लीज, एकच जुनी उभी विहीर, दिवसाला दहाएक बॅरल. पलीकडच्या जमिनीत आमच्याच कंपनीनं दोन मैल आडवी विहीर मारली होती. तिथे दाबानं पाणी आणि वाळू सोडायची, म्हणजे फ्रॅकिंग करायचं, म्हणून ४ मार्चला जुनी विहीर खबरदारी म्हणून बंद ठेवली. ९ एप्रिलला सुरू केली तर पंपातून नुसतं पाणी. फ्रॅकिंगच्या पाण्यानं वाट शोधली होती. १२ एप्रिलला पुन्हा बंद.

आता यातली खरी गोम. ती दहा बॅरलवाली विहीर म्हणजे कंपनीला लाभलेलं घबाडच. जुन्या लीजमध्ये सहसा खोलीची मर्यादा नसते. वर थोडंसं तेल निघत राहिलं की खालचे सगळे थर, म्हणजे ज्यासाठी आज सगळी मारामार चालते ते, त्याच लीजमध्ये अडकून राहतात, तेही एक अष्टमांश रॉयल्टीवर. शेजारी नव्यानं सह्या करणारे एक चतुर्थांश घेतात, वर एकरी हजारो डॉलर बोनस. बाईंचे तेरा एकरांहून थोडे जास्त भरतात.

आणि लीजच्या दुसऱ्या पानावर लिहिलेलं: उत्पादन थांबल्यापासून साठ दिवसांत दुरुस्ती किंवा नवं खोदकाम सुरू झालं नाही, तर लीज संपलं.

४ मार्चपासून मोजलं तर ३ मेला ते मेलं होतं. पण एप्रिलच्या तक्त्यात अकरा बॅरलची नोंद होती. ते त्या तीन दिवसांत पाण्याबरोबर आलेलं तेल की टाकीच्या तळाला उरलेलं? नव्यानं आलेलं असेल आणि त्याला कोणी उत्पादन म्हटलंच, तर साठ दिवस १२ एप्रिलपासून, म्हणजे ११ जूनपर्यंत. टाकीतलं असेल तर बाई त्या क्षणी आपल्या हिश्शाच्या मोकळ्या मालकीण होत्या, आणि त्यांना वाटत होतं की दोनशे डॉलर हरवले.

मी म्हणाले, “विहिरीत पाणी आलंय.” त्यांनी विचारलं, “भरपाई?” शेजारच्या विहिरीनं तेल ओढून नेलं तर टेक्सासात सहसा दाद मिळत नाही. फ्रॅकिंगमुळे वायू असा ओढला गेला तरीही नाही, असं इथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये ठरवलं. विहीरच बिघडवली तर काय, हा वकिलाचा प्रश्न. मी पगार घेते कंपनीचा. कायद्याचा सल्ला द्यायची मला मुभा नाही.

“लीजची प्रत आहे ना घरी? वकिलाला दाखवा. दुसरं पान,” एवढं बोलून गेले. ‘दुसरं पान’ म्हणायला नको होतं. की लवकर म्हणायला हवं होतं?

दुपारी मी आमच्या लँडमनला, म्हणजे मालकांकडून लीज मिळवणाऱ्या माणसाला, तारखा दाखवल्या. गोड बोलून म्हाताऱ्यांच्या सह्या घेण्यात पटाईत माणूस, पण लीज मुळातून वाचायचा कंटाळा. त्याचा चेहरा उतरला. ५ जूनला दुरुस्तीची रिग त्या विहिरीवर उभी होती. एरवी रिग मागितली तर आठवडेच्या आठवडे जातात. म्हणजे तारखा मी बाईंना अर्ध्या सांगितल्या आणि कंपनीला पूर्ण.

वडील असते तर काय म्हणाले असते, ते मला ठाऊक आहे. त्यांनी सातबाऱ्यावर बोट ठेवून दाखवलं असतं.

विहीर आता दिवसाला दोन बॅरल देते. बाईंचा हिस्सा महिन्याला शंभर डॉलरच्या आत भरतो, त्यामुळे चेक निघत नाही, रक्कम साठत राहते. आठवड्यातून एकदा मी त्यांचं खातं उघडते. वकिलाचं पत्र आलेलं नाही.