मीटर म्हणतो ठीक, पाणी मात्र कोमट

दिवा लागतो, ताटली फिरते, पंखा चालतो, पण अन्न कोमटच राहतं. अशी तक्रार असलेला मायक्रोवेव्ह बहुतेक वेळा लवकर निकाली निघतो: डायोड, कपॅसिटर, दाराचा स्विच, नाहीतर मॅग्नेट्रॉन, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी तयार करणारा भाग. त्या दिवशी टेबलावर आलेला मात्र मीटरला दाद देईना.

सुरुवात पाण्याने केली. एक लिटर पाणी घ्यायचं, तापमान मोजायचं, फुल पॉवरवर एक मिनिट ठेवायचं, ढवळून पुन्हा मोजायचं. जेवढे अंश वाढले त्याला 70 ने गुणलं की पाण्यात उतरलेले वॉट मिळतात. 700 वॉटच्या यंत्रात 10 अंश वाढायला हवेत. इथे 4 वाढले. ट्रान्सफॉर्मरची घरघर मोठी आणि क्लॅम्प मीटरवर करंट नेहमीपेक्षा जास्त. वीज ओढतोय, पण पाण्यापर्यंत पोहोचत नाही. ती जात होती मॅग्नेट्रॉनच्याच अंगात, कारण थोड्या वेळात त्याचा थर्मल कटआउट, म्हणजे जास्त तापल्यावर वीज तोडणारा स्विच, पडला.

करंट जास्त म्हटलं की पहिला संशय डायोडवर. प्लग काढून आधी कपॅसिटर डिस्चार्ज केला. त्याच्यात दोन हजारांवर व्होल्ट साठलेले असू शकतात. डिस्चार्जसाठी आत रेझिस्टर असतो खरा, पण तो तुटला असेल तर बाहेरून कळत नाही. त्याच्या भरवशावर हात घालणं म्हणजे जिवाशी खेळ. हाय व्होल्टेज डायोड साध्या मीटरवर दोन्ही बाजूंनी ओपनच, म्हणजे करंट जात नसल्यासारखा, दिसतो, कारण आत अनेक जंक्शन्स एकापुढे एक असतात. 9 व्होल्टची बॅटरी सिरीजमध्ये घेतली, तेव्हा एका बाजूने चालला, दुसऱ्या बाजूने नाही. म्हणजे चांगला. कपॅसिटर 1 मायक्रोफॅरडच्या आसपास, छापल्याप्रमाणे. मॅग्नेट्रॉनचं फिलामेंट एक ओहमच्या आत, फिलामेंट ते बॉडी पूर्ण ओपन. मीटरच्या हिशोबाने सगळं ठणठणीत!

इथे मॅग्नेट्रॉनचा जन्म कशासाठी झाला ते आठवलं की गाठ सुटते. हा मुळात रडारचा भाग. बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी 21 फेब्रुवारी 1940 रोजी तो पहिल्यांदा चालवला: तांब्याचा ठोकळा, त्यात कोरलेल्या पोकळ्या, मधोमध इलेक्ट्रॉन सोडणारा कॅथोड, आणि कॅथोडच्या लांबीच्या दिशेने जोरदार चुंबकीय क्षेत्र. 9.8 सेंटिमीटरच्या तरंगलांबीवर सुमारे 400 वॉट निघाले. घरातला मायक्रोवेव्ह 12.2 सेंटिमीटरवर चालतो, म्हणजे शेजारच्याच घरात. 1940 मध्येच मॅग्नेट्रॉन टिझार्ड मिशन या ब्रिटिश शिष्टमंडळाबरोबर अमेरिकेत गेला. तिथे रेथिऑनने तो मोठ्या संख्येने बनवला, आणि त्याच कंपनीच्या पर्सी स्पेन्सरने ऑक्टोबर 1945 मध्ये त्यावर अन्न शिजवण्याचं पेटंट दाखल केलं. आजच्या मॅग्नेट्रॉनच्या पोटात पोकळ्यांमधल्या पाकळ्यांना आलटून पालटून जोडणाऱ्या ज्या बारीक कड्या असतात, त्यासुद्धा 1941 मध्ये जेम्स सेयर्सने रडारची फ्रिक्वेन्सी उड्या मारू नये म्हणून काढलेली युक्ती आहे.

मुद्दा चुंबकाचा. कॅथोडवरून सुटलेल्या इलेक्ट्रॉनला तो वळवतो, गोल फिरवतो. फिरता फिरता इलेक्ट्रॉन आपली ऊर्जा पोकळ्यांना देतात. चुंबक कमजोर झाला की ते फारसे न वळता थेट अॅनोडवर, म्हणजे तांब्याच्या ठोकळ्यावर, आदळतात. करंट वाढतो, तांबं तापतं, मायक्रोवेव्ह लहरी कमी निघतात. तक्रार शब्दशः हीच होती, आणि मल्टीमीटरला चुंबक दिसतच नाही.

स्क्रू काढून मॅग्नेट्रॉन बाहेर घेतला. पत्र्याच्या चौकटीत वर आणि खाली फेराइट चुंबकाची एकेक काळी रिंग असते. वरच्या रिंगवर आतल्या कडेपासून बाहेरपर्यंत केसाएवढी रेघ होती, आणि टॉर्च तिरका धरला तेव्हा एक टवकाही उडालेला दिसला. फेराइट ठिसूळ असतं. सामान हलवताना यंत्र आपटलं तर रिंग तडकते; पंखा बंद पडून मॅग्नेट्रॉन भाजला तरीही.

दुसऱ्या जळक्या मॅग्नेट्रॉनची रिंग काढून बसवणारे आहेत. मी ते करत नाही: रिंग उलटी बसली तर दोन चुंबक एकमेकांना खातात, आणि काढताना सिरॅमिक फुटलं तर ट्यूबच गेली. अख्खा भाग बदलला. घेताना वॉट, अँटेनाची उंची, स्क्रूच्या जागा आणि कनेक्टरची दिशा जुळवून घ्यावी. हवेचा मार्गही तोच राहायला हवा. अँटेनाभोवतीची धातूच्या जाळीची गॅस्केट विसरली तर तिथे ठिणग्या उडतात आणि लहरी गळतात.

नव्या भागावर पाणी 10 अंशांनी तापलं, घरघर खाली आली. दाराच्या कडेने 5 सेंटिमीटरवर लीकेज मीटर फिरवला. मर्यादा चौरस सेंटिमीटरला 5 मिलिवॉट. काटा तिच्या जवळपासही गेला नाही.